डिस्नेचा ‘रॉबिन हूड’ (१९७३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना हा चित्रपट दाखवणारे पालक, इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि लहानपणी पाहिलेल्या कोल्ह्याच्या आठवणीने पुन्हा त्याच्याकडे वळलेले प्रौढ रसिक गेली काही वर्षे जे प्रश्न पाठवत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथेचा शेवट काही उत्तरांत उघड होतो, याची चित्रपट न पाहिलेल्यांनी नोंद घ्यावी.

१. हा नेमका कोणता चित्रपट? रॉबिन हूडवर तर कितीतरी चित्रपट आहेत.

येथे ज्याविषयी लिहिले आहे तो वॉल्ट डिस्ने स्टुडिओने नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रदर्शित केलेला, हाताने काढलेल्या चित्रांचा, ८३ मिनिटांचा पूर्ण लांबीचा चित्रपट आहे. त्यातील सर्व पात्रे प्राणी आहेत. निर्माता आणि दिग्दर्शक वुल्फगँग रायथरमन, कथालेखन लॅरी क्लेमन्स यांचे, आणि पात्रांची व कथेची मूळ कल्पना केन अँडरसन यांची. याच स्टुडिओने ब्रिटनमध्ये चित्रित करून १९५२ मध्ये प्रदर्शित केलेला, रिचर्ड टॉड यांची प्रमुख भूमिका असलेला रॉबिन हूडचा आणखी एक चित्रपट आहे. त्यात खरीखुरी माणसे असल्यामुळे दोहोंची गल्लत होऊ नये.

वॉल्ट डिस्ने यांचे डिसेंबर १९६६ मध्ये निधन झाले. १९७० मध्ये आलेल्या ‘द अ‍ॅरिस्टोकॅट्स’ या मांजरांच्या चित्रपटाला निदान त्यांची मंजुरी तरी मिळालेली होती. ‘रॉबिन हूड’ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या अनुपस्थितीत घडला, आणि त्याचे काही गुण व बरेचसे दोष समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

२. रॉबिन हूड खरोखर होऊन गेला का?

एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असे म्हणता येत नाही. यॉर्कच्या न्यायालयीन नोंदींत १२२५-२६ च्या सुमारास ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ असा एक उल्लेख सापडतो. १२६२ पर्यंत ‘रॉबेहॉड’ हे कायद्याबाहेर घोषित केलेल्या माणसाला चिकटवले जाणारे टोपणनाव झालेले दिसते. म्हणजे तेराव्या शतकातच हे नाव व्यक्तीपेक्षा मोठे झाले होते.

साहित्यातील त्याचा पहिला उल्लेख १३७७ च्या सुमाराच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात येतो, आणि तो मोठा बोलका आहे. त्यातला एक आळशी धर्मगुरू कबूल करतो की, आपल्याला रोजची प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. ज्या गाण्यांशी प्रार्थनेची तुलना करावी लागते, ती त्या काळी प्रत्येकाच्या तोंडी असणार हे उघड आहे. आज हाती असलेली सर्वांत जुनी कथागीते, म्हणजे बॅलड, पंधराव्या शतकाच्या मध्यापासूनची आहेत. ‘अ जेस्ट ऑफ रॉबिन होड’ हे त्यांतले सर्वांत दीर्घ काव्य १५०० च्या आसपास छापले गेले.

३. सगळी पात्रे प्राणीच का? आणि नायक कोल्हाच का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर मला या चित्रपटातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने देत आहे.

या चित्रपटाखाली एक नव्हे, दोन मध्ययुगीन आख्यायिका आहेत. पहिली रॉबिन हूडची. दुसरी रेनार्ड नावाच्या कोल्ह्याची, जी बाराव्या शतकापासून फ्रान्समध्ये आणि आसपासच्या प्रदेशांत काव्यरूपाने पसरली आणि विल्यम कॅक्सटन यांनी १४८१ मध्ये इंग्रजीत छापली. डिस्ने स्टुडिओत रेनार्डवर चित्रपट करण्याचा विचार अनेक वर्षे घोळत होता. परंतु रेनार्ड हा निखळ लबाड आहे. तो फसवतो, लुटतो, ठार मारतो आणि शिक्षेतून निसटतो. असा नायक मुलांसमोर कसा ठेवायचा, ही वॉल्ट डिस्ने यांची अडचण होती. पुढे केन अँडरसन यांनी कोल्हा तोच ठेवला आणि त्याची चलाखी रॉबिन हूडच्या हेतूला जोडली. लबाडी तीच, पण ती आता भुकेल्यांसाठी वापरली जाऊ लागली, आणि अडचण सुटली.

आता पात्रांची यादी रेनार्डच्या जगाशी ताडून पाहावी. तिथे राजा सिंह आहे, इथेही राजा रिचर्ड आणि त्याचा भाऊ जॉन हे सिंह आहेत. तिथे कोल्ह्याचा कायमचा वैरी इसेनग्रिम हा लांडगा आहे, इथे नॉटिंगहॅमचा शेरीफ लांडगा आहे. तिथे दरबारात कोल्ह्याची बाजू घेणारा ग्रिमबर्ट हा बॅजर आहे, इथे रॉबिनचा मित्र, धर्मगुरू फ्रायर टक बॅजर आहे. तिथे अस्वल आहे आणि कोंबडाही आहे, इथे लिटल जॉन अस्वल आहे आणि गोष्ट सांगणारा अ‍ॅलन-अ-डेल कोंबडा आहे. प्रत्येक जोडी जाणीवपूर्वक जुळवली असेल असे मी म्हणणार नाही. मात्र रेनार्डच्या गोष्टी वाचून मग चित्रपट पाहिला, तर ओळखीच्या गावात शिरल्यासारखे वाटते.

भाषेविषयी एक सूचना. मराठीत आपण सरसकट ‘कोल्हा’ म्हणतो आणि आपल्या गोष्टींतला लबाड कोल्हा बहुधा भारतीय कोल्हा असतो. चित्रपटातला लालसर, झुपकेदार शेपटीचा प्राणी हा आपल्याकडच्या खोकडाचा युरोपीय भाऊबंद आहे. लहान मुले हा फरक विचारतात आणि त्यांना तो सांगावा.

४. कथा थोडक्यात सांगाल का?

राजा रिचर्ड धर्मयुद्धावर गेला आहे आणि त्याचा भाऊ प्रिन्स जॉन प्रजेकडून असह्य कर वसूल करतो आहे. सर हिस हा साप त्याचा सल्लागार आहे. रॉबिन आणि लिटल जॉन ज्योतिषी बायकांच्या वेषात राजकुमारालाच लुटतात. रॉबिनला पकडण्यासाठी जॉन तिरंदाजीची स्पर्धा भरवतो. रॉबिन करकोच्याच्या वेषात ती जिंकतो, पकडला जातो आणि निसटतो. प्रजा जॉनची टिंगल करणारे गाणे गाऊ लागते, तेव्हा तो कर तिप्पट करतो आणि ते न भरू शकणारे जवळपास सगळे नॉटिंगहॅम तुरुंगात जाते. फ्रायर टकला फाशी जाहीर होते. रॉबिन एका रात्रीत सर्व कैद्यांना आणि कराच्या पैशाला बाहेर काढतो. शेवटी रिचर्ड परततो, जॉन, हिस आणि शेरीफ दगड फोडायला जातात, आणि रॉबिन व त्याची प्रेयसी मॅरियन यांचा विवाह होतो.

५. शेरीफ म्हणजे नेमके काय? मुंबईचे शेरीफ असतात, तेच का?

शब्द एकच, काम अगदी वेगळे. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, यांपासून हा शब्द झाला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शेरीफ हा परगण्यातला राजाचा हस्तक असे. महसूल गोळा करणे, गुन्हेगार पकडणे आणि राजाचे हुकूम बजावणे ही त्याची कामे. परगण्यामागे एक ठरावीक रक्कम राजाच्या खजिन्यात भरायची आणि त्यावर जे मिळेल ते स्वतः ठेवायचे, अशी पद्धत बराच काळ चालू होती. वसुली जितकी कडक तितका लाभ अधिक. शेरीफ हा लोककथेत खलनायक का झाला, याचे उत्तर या एका व्यवस्थेत आहे. मुंबईचे शेरीफपद, म्हणजे नगरपालपद, ब्रिटिशांच्या वाटेने आपल्याकडे आले आणि ते केवळ मानाचे आहे.

६. प्रिन्स जॉन खरोखर इतका वाईट आणि रिचर्ड इतका चांगला होता का?

पहिल्या भागाचे उत्तर पुष्कळ अंशी होय, दुसऱ्याचे नाही.

रिचर्ड ११८९ ते ११९९ असा दहा वर्षे राजा होता आणि त्यांतले जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये राहिला. धर्मयुद्धावरून परतताना डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने त्याला पकडले आणि पुढे तो पवित्र रोमन सम्राट सहावा हेन्री याच्या कैदेत गेला. सुटकेसाठी १,५०,००० मार्क, म्हणजे १,००,००० पौंड, इतकी खंडणी ठरली. ती उभी करण्यासाठी इंग्लंडमध्ये धर्मगुरू आणि सामान्य जन या सर्वांकडून उत्पन्नाचा चौथा हिस्सा मागितला गेला, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी गेली आणि सिस्टर्शियन मठांची वर्षभराची लोकरही घेतली गेली. चित्रपटात जी करवसुली जॉनच्या लोभापायी दिसते, तिच्याजवळ जाणारी इतिहासातली वसुली अशी ‘चांगल्या’ राजाच्या सुटकेसाठी झाली होती.

जॉनचे पाप वेगळे आहे. भाऊ कैदेत असताना त्याने तो मेल्याची आवई उठवली, आणि फ्रान्सच्या राजाशी संगनमत करून रिचर्डला आणखी काही काळ डांबून ठेवण्यासाठी सम्राटाला पैसे देऊ केले. पुढे ११९९ ते १२१६ या काळात राजा असताना त्याने सरदारांना इतके पिळले की १२१५ मध्ये रनीमीड येथे त्याला मॅग्ना कार्टा ही राजसत्तेला मर्यादा घालणारी सनद मान्य करावी लागली.

चित्रपटात रिचर्ड परतल्यावर जॉन खडी फोडायला जातो. प्रत्यक्षात रिचर्डने ११९४ मध्ये त्याला माफ केले. जॉन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, तरी रिचर्डने त्याला मूल म्हटले आणि दोष त्याच्या सल्लागारांवर टाकला, असे सांगितले जाते. अंगठा चोखत आईच्या नावाने रडणारा चित्रपटातला जॉन पाहताना मला दर वेळी ही माफी आठवते. त्याची आई एलिनॉर ऑफ अ‍ॅक्विटेन ही त्या काळातील अत्यंत सामर्थ्यवान स्त्री होती, आणि रिचर्डची खंडणी गोळा करून घेण्यात तिचाच पुढाकार होता.

एक जोड तर विलक्षण आहे. मार्च ११९४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर रिचर्डने स्वतः नॉटिंगहॅमच्या किल्ल्याला वेढा घातला, कारण तो जॉनच्या माणसांच्या ताब्यात होता. २८ मार्चला किल्ला शरण आला आणि दुसऱ्या दिवशी राजा शेरवुडचे, म्हणजे कथांतल्या रॉबिनचेच, जंगल पाहायला गेला. ते त्याने पूर्वी पाहिले नव्हते आणि त्याला फार आवडले, असे त्या काळचा इतिहासकार रॉजर ऑफ हाउडन लिहितो.

७. मूळ गीतांत रॉबिन रिचर्डच्याच काळातला आहे का?

नाही. ‘जेस्ट’मधल्या राजाचे नाव एडवर्ड आहे. रॉबिनला रिचर्डच्या कैदेच्या काळात नेऊन बसवले ते स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजर यांनी, १५२१ मध्ये. अँथनी मंडे यांनी १५९८ च्या नाटकांत त्याला हंटिंग्डनचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, केले. १८१९ मध्ये वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी आली, आणि रिचर्ड, जॉन व रॉबिन हे त्रिकूट लोकांच्या मनात कायमचे पक्के झाले. चित्रपटाने हीच चौकट घेतली आहे.

एका बाबतीत मात्र तो जुन्या गीतांकडे परत गेला, आणि याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. जुन्या गीतांतला रॉबिन ‘योमन’ आहे, म्हणजे सरदारही नाही आणि दुसऱ्याच्या जमिनीला बांधलेला वेठबिगारही नाही. चित्रपटातल्या कोल्ह्यालाही जहागीर नाही, गमावलेली पदवी नाही आणि परत मिळवायचा वाडा नाही. तो गरिबांचा कैवार घेतो तो त्यांच्यातलाच एक म्हणून.

८. मग मूळ कथेशी चित्रपट किती प्रामाणिक आहे?

वरवर पाहता अजिबात नाही. खोलात गेल्यास पुष्कळ. जुन्या गीतांतला रॉबिन शत्रूला मुख्यतः वेष पालटून फसवतो. एका गीतात तो कुंभार होऊन नॉटिंगहॅमच्या बाजारात भांडी विकतो आणि शेरीफच्याच घरी जेवतो. चित्रपटात तो आंधळा भिकारी, ज्योतिषी बाई आणि करकोचा होतो. ‘जेस्ट’मध्ये शेरीफ तिरंदाजीची स्पर्धा भरवतो आणि बक्षीस म्हणून चांदीच्या दांड्याचा, सोन्याच्या टोकाचा बाण ठेवतो. चित्रपटात बाण पूर्ण सोन्याचा आहे आणि जोडीला मॅरियनचे चुंबन आहे. दोन्हीकडे स्पर्धा संपताच जिंकणाऱ्याला पकडण्याचा डाव साधला जातो. तुरुंगातून सोडवणूक हाही गीतांतला आवडता प्रसंग आहे. ‘रॉबिन हूड अँड द मंक’मध्ये मात्र कैदी स्वतः रॉबिन असतो आणि त्याला सोडवतो लिटल जॉन.

जे वगळले तेही सांगायला हवे. जुनी गीते रक्तरंजित आहेत. त्यांत धर्मगुरूंची आणि शेरीफची डोकी उडतात, आणि निरपराध पोरालाही ठार मारले जाते. ‘जेस्ट’च्या अखेरीस कर्कलीसच्या मठातली प्रमुख जोगीण उपचाराच्या नावाखाली रॉबिनची नस कापून त्याचा जीव घेते. मुलांच्या चित्रपटाने हे गाळले ते योग्यच केले.

९. ‘श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा’ ही ओळख मूळची आहे का?

बीज मूळचे, झाड नंतरचे. ‘जेस्ट’च्या शेवटी रॉबिनने गरिबांचे पुष्कळ भले केले असे म्हटले आहे, आणि त्यात तो एका कर्जबाजारी सरदाराला ४०० पौंड देऊन सोडवतोही. पण लुटीचे पद्धतशीर वाटप हे त्याचे व्रत आहे, ही कल्पना पुढच्या शतकांत वाढली. जोसेफ रिटसन यांनी १७९५ मध्ये गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी रॉबिनला जुलमाविरुद्ध उभा राहिलेला लोकनायक म्हणूनच मांडले. मराठी वर्तमानपत्रे आज एखाद्याला ‘गरिबांचा रॉबिनहूड’ म्हणतात ते याच परंपरेला धरून.

१०. माझ्या मुलीने विचारले, “मग चोरी केली तरी चालते का?” काय उत्तर द्यावे?

व्याख्यान देण्याऐवजी तिच्यासोबत दोन प्रसंग पुन्हा पाहावेत.

पहिला ऑटो लोहाराचा. ऑटो हा कुत्रा आहे, त्याचा पाय मोडला आहे आणि प्लास्टरमध्ये आहे. फ्रायर टकने आणलेली नाणी तो शेरीफला पाहून त्या प्लास्टरमध्ये लपवतो. शेरीफ आपुलकीने विचारपूस करत आत येतो, त्याला किणकिण ऐकू येते, आणि तो दुखरा पाय उचलून त्यावर ठोकत राहतो, एकेक नाणे बाहेर पडेपर्यंत. ऑटोचा चेहरा वेदनेने आक्रसत असतो आणि शेरीफचा आवाज मात्र शेवटपर्यंत गोड राहतो.

दुसरा प्रसंग स्किपी या सशाच्या सातव्या वाढदिवसाचा. घरातल्या सगळ्यांनी मिळून साठवलेले एक फार्दिंग त्याला भेट म्हणून मिळते, आणि शेरीफ तेही उचलून त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. रिचर्डच्या काळात त्याचे वेगळे नाणे सर्रास चालत नसे, पेनीच कापून चार तुकडे करत. मुलाची भेट म्हणजे नाण्याचा एक तुकडा होता, हे मुलांना सांगितले की ती गप्प होऊन पाहतात.

त्यानंतर तिलाच विचारावे, की इथे चोर कोण आहे? कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे सात-आठ वर्षांच्या मुलांना समजते. रॉबिनच्या कृत्याचे समर्थन तो स्वतःसाठी काहीही ठेवत नाही यात आहे. फ्रायर टकने त्याला नायक म्हटल्यावर तो स्वतः चकित होतो, हेही तिच्या लक्षात आणून द्यावे.

११. मॅरियन मूळ कथेत आहे का?

सर्वांत जुन्या गीतांत नाही. १२८३ च्या सुमारास अ‍ॅडम द ला हाल या फ्रेंच कवीने रॉबिन आणि मॅरियन या मेंढपाळ जोडप्यावर एक संगीतनाटक लिहिले. त्यातल्या रॉबिनचा शेरवुडशी काही संबंध नाही. पुढे इंग्लंडमधल्या मे महिन्याच्या उत्सवांत दोन्ही परंपरा एकमेकींत मिसळल्या आणि मॅरियन रॉबिन हूडची सखी झाली. अ‍ॅलन-अ-डेल तर त्याहून उशिरा, सतराव्या शतकातल्या गीतातून आला. लिटल जॉन मात्र अगदी पहिल्यापासून आहे.

१२. लिटल जॉन हा ‘जंगल बुक’मधला बाळूच वाटतो. आणि नाच दुसऱ्या चित्रपटातले उचलले आहेत, हे खरे का?

दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. बाळू आणि लिटल जॉन या दोघांनाही फिल हॅरिस यांचाच आवाज आहे आणि शरीराची ठेवणही जवळजवळ तीच आहे.

जंगलातल्या मेजवानीचा नाच चौकटीगणिक थांबवून पाहिला, तर मॅरियनच्या गिरकीत १९३७ ची स्नो व्हाइट दिसते. लिटल जॉन आणि मॅरियनची सखी असलेली कोंबडी लेडी क्लक यांच्या नाचात बाळू आणि ‘जंगल बुक’मधला वानर किंग लुई, तर इतर काही हालचालींत १९७० च्या चित्रपटातली मांजरे ओळखू येतात. जुन्या चित्रपटातली हालचाल घेऊन तिच्यावर नवे पात्र रेखाटायचे, अशी ही पद्धत. त्यासाठी वेळ आणि पैसा कमी लागे, आणि वॉल्ट डिस्ने यांच्यानंतरच्या त्या वर्षांत स्टुडिओ दोन्ही जपून वापरत होता. रायथरमन यांना तपासून सिद्ध झालेली हालचाल पुन्हा वापरण्यात गैर वाटत नसे. रेषा काहीशा खरखरीत, पेन्सिलीच्या खुणा राहिल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण झेरॉक्स तंत्र. १९६१ पासून डिस्नेमध्ये चित्रकाराची पेन्सिलीची रेषा थेट पारदर्शक पटलावर उतरवली जाई, हाताने शाईत गिरवली जात नसे.

मला ही उसनवारी खटकते, कारण याच चित्रपटात नव्याने काढलेले काम अप्रतिम आहे. मिल्ट काल, फ्रँक थॉमस, ऑली जॉन्स्टन आणि जॉन लाउन्सबेरी हे चार ज्येष्ठ चित्रकार त्यावर होते. जॉनचे डोके मुकुटापेक्षा लहान आहे. तो मुकुट भावाचा आहे आणि सारखा कानांवर घसरतो. त्याला आयाळही नाही. रिचर्ड अवतरतो तेव्हा तोच मुकुट घट्ट बसतो आणि आयाळ भरघोस असते. दोन भावांमधले अंतर एकाही संवादाविना कळते. दोघांनाही आवाज पीटर उस्तिनोव्ह यांचा आहे.

१३. इंग्लंडच्या गोष्टीत अमेरिकी खेड्यातले उच्चार का?

शेरीफ, फ्रायर टक, दोन्ही गिधाडे आणि अ‍ॅलन यांचे आवाज पॅट बट्राम, अँडी डिव्हाइन, जॉर्ज लिंडसे, केन कर्टिस आणि रॉजर मिलर या अमेरिकी कलावंतांचे आहेत. त्यांतले बहुतेक तिथल्या प्रेक्षकांना काउबॉयपटांतून किंवा ग्रामीण मालिकांतून परिचित होते. रॉबिन (ब्रायन बेडफर्ड), मॅरियन (मोनिका इव्हान्स), हिस (टेरी-थॉमस) आणि जॉन मात्र ब्रिटिश बोलतात. ही सरमिसळ पुष्कळांना खुपते. माझे मत असे की, लोककथा ज्या गावात सांगितली जाते त्या गावाची बोली ती उचलते. अमेरिकनांनी सांगितलेल्या गोष्टीतला जुलमी अंमलदार त्यांच्याकडच्या शेरीफसारखा बोलला, तर ते स्वाभाविकच आहे.

१४. गाणी कोणाची आहेत?

शीर्षकाबरोबरची शिट्टीची धून, ‘ऊ-डी-लॅली’ आणि तुरुंगातले ‘नॉट इन नॉटिंगहॅम’ ही रॉजर मिलर यांची. मिलर अमेरिकेतले नामवंत कंट्री गायक-गीतकार होते. पावसात साखळदंडांनी बांधलेले गाव दिसते आणि कोंबडा हलक्या आवाजात हे शेवटचे गाणे गातो, तो या चित्रपटाचा सर्वांत उदास आणि सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. ‘द फोनी किंग ऑफ इंग्लंड’ जॉनी मर्सर यांचे आहे. ‘लव्ह’ हे प्रेमगीत फ्लॉइड हडलस्टन आणि जॉर्ज ब्रन्स यांचे, नॅन्सी अ‍ॅडम्स यांनी गायलेले. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. शिट्टीची धून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेग वाढवून इंटरनेटवरच्या नाचणाऱ्या हॅमस्टरांसाठी वापरली गेली, त्यामुळे चित्रपट न पाहिलेल्यांनाही ती ओळखीची वाटते.

१५. मध्ययुगात मॅरियन बॅडमिंटन कशी खेळते?

खेळू शकली नसती, आणि या चुकीशी पुण्याचा संबंध आहे. फूल उडवत राहण्याचे साधे खेळ जुने आहेत. जाळीवरून गुणांसाठी खेळायच्या खेळाला मात्र एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आकार दिला. १८७० च्या दशकात तिथे त्याचे नियम बांधले गेले, आणि त्याला ‘पूना’ असेही म्हणत. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधल्या त्याच नावाच्या हवेलीवरून पडले. तिरंदाजीच्या मैदानावर लेडी क्लक गेंड्यांना हुलकावणी देत धावते, तो प्रसंगही अमेरिकी फुटबॉलचा आहे.

अशीच आणखी एक ओळखीची खूण स्पर्धेत सापडते. लिटल जॉन सरदाराच्या वेषात येतो आणि आपण ‘ड्यूक ऑफ चटनी’ असल्याचे सांगतो. आपल्या चटणीच्या कुळातला हा शब्द भारतात आलेल्या इंग्रजांनी आपल्या भाषेत नेला, रिचर्डच्या काळी तो तिथे कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. मराठी घरातली मुले इथे हमखास हसतात, आणि कधीकधी इंग्रज मुलांपेक्षा आधी.

१६. कोणत्या वयापासून दाखवावा? घाबरण्यासारखे काही आहे का?

पाच-सहा वर्षांपासून हरकत नसावी. रक्त नाही आणि कोणी मरत नाही. तीन जागी लहान मुलांना जवळ घेऊन बसावे: स्पर्धेनंतर रॉबिनला मृत्युदंड सुनावला जातो तेव्हा, फ्रायर टकला साखळदंड घालून नेतात तेव्हा, आणि शेवटी जळत्या किल्ल्यावरून रॉबिन खंदकात उडी घेतो तेव्हा. त्या वेळी पाण्यावर बाण रुतलेली टोपी तरंगते, आणि स्किपीच्या डोळ्यांत पाणी येते. काही क्षणांतच रॉबिन बोरूच्या नळीतून श्वास घेत वर येतो, हे फार हळव्या मुलांना आधी सांगितले तरी चालेल. ज्योतिषी बायकांच्या वेषाचा प्रसंग जिप्सी समाजाविषयीच्या जुन्या, अन्याय्य समजुतींवर उभा आहे. मोठ्या मुलांशी त्याविषयी बोलावे.

१७. शेवट वेगळा होता असे ऐकले. खरे का?

होय. आधीच्या आराखड्यात खंदकातून निघालेला रॉबिन जखमी असतो आणि लिटल जॉन त्याला चर्चमध्ये आणतो. प्रिन्स जॉन तिथे त्याला संपवायला येतो, आणि त्याच क्षणी रिचर्ड दारात उभा राहतो. या प्रसंगाची रेखाटने शिल्लक आहेत आणि घरगुती आवृत्त्यांच्या पुरवणीत ती पाहायला मिळतात. माझ्या मते तो शेवट अधिक चांगला होता. सध्याच्या चित्रपटात रिचर्ड अचानक येतो आणि जॉनची शिक्षा अ‍ॅलनच्या दोन वाक्यांत उरकते. दोन भाऊ एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत, ही उणीव मला मुकुटाची ती सुंदर कल्पना (प्रश्न १२) पाहिल्यावर अधिकच जाणवते.

१८. शेरवुडचे जंगल आज पाहता येते का?

येते. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला एडविनस्टो या गावाजवळ जंगलाचा राखीव भाग आहे. तिथला ‘मेजर ओक’ हा शेकडो वर्षांचा, पसरट फांद्यांना टेकू दिलेला ओक वृक्ष रॉबिनच्या टोळीचा आसरा म्हणून दाखवतात. एडविनस्टोच्या सेंट मेरी चर्चमध्ये रॉबिन आणि मॅरियन यांचे लग्न झाले अशी तिथली समजूत आहे. डर्बीशायरमधल्या हॅदरसेज गावात लिटल जॉनची म्हणून एक लांब कबर आहे. नॉटिंगहॅमला गेल्यावर चित्रपटातला किल्ला शोधू नये. मध्ययुगीन किल्ला १६५१ मध्ये पाडला गेला, आणि टेकडीवर आज दिसतो तो त्यानंतर बांधलेला सरदारी वाडा आहे. त्याच्या तटाबाहेर, खालच्या बाजूला, धनुष्य ताणून उभा असलेला रॉबिनचा १९५२ चा कांस्य पुतळा आहे.